खड्ड्यातून दिसलेला सुलतान बाजार

आमच्या हैदराबादच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी कोणीतरी सुलतान बाजाराच्या मोठ्या रस्त्याचा इतिहास लिहावा असं ठरलं, आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, बाबांनो, त्या रस्त्यावर माझी एकतीस वर्षं गेली हे खरं, पण त्यातली निम्मी रस्त्याच्या खाली गेली. वर कोणती इमारत कधी झाली, रेसिडेन्सीच्या काळात तिथे कोण राहत होतं, हे प्राध्यापकांना विचारा. मला विचाराल तर कमरेएवढ्या खोलीपर्यंतचं सांगीन. संपादिका म्हणाल्या, तेच लिहा. म्हणून हे धाडस.

मी टेलिफोन खात्यात केबल जॉइंटर होतो. आमचं मूळ गाव उदगीरकडचं, घरी शेती. काका हैदराबादला नोकरीला होते, त्यांच्यामागून मी आलो आणि इथलाच झालो. जॉइंटर म्हणजे काय हे माझ्या सासऱ्यांनाही लग्न ठरताना कळलं नव्हतं. ‘फोनमध्ये आहेत’ एवढ्यावर त्यांनी मुलगी दिली. पुढे एकदा ते बाजाराशेजारच्या कोठी भागात औषध घ्यायला आले आणि जावई खड्ड्यात बसलेला दिसला. दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत.

तर काम असं. प्रत्येक फोनसाठी तांब्याच्या दोन बारीक तारा लागतात, त्यांना आम्ही जोडी म्हणायचो. अशा दोनेकशे जोड्या एका शिशाच्या नळीत घातल्या की झाली केबल. ती जमिनीखालून एक्स्चेंजपासून निघते आणि बाजारभर फिरते. केबल तुटली, सडली, उंदरांनी कुरतडली की तिथे खड्डा खणायचा, आत बसायचं, आणि या बाजूची प्रत्येक तार त्या बाजूच्या तिच्याच तारेला जोडायची. नंतरच्या केबलींना प्लॅस्टिकचं रंगीत वेष्टण आलं, त्या जोडणं सोपं. जुन्या केबलीत तारेभोवती नुसता कागद गुंडाळलेला असे. कधीकाळी त्याला रंग असेल, आमच्या हाती येईपर्यंत सगळे कागद चहात बुडवल्यासारखे तपकिरी. मग तारा ओळखायच्या कशा? मोजून. मधल्या गाभ्यापासून सुरुवात करायची आणि एकेक थर गोल मोजत बाहेर यायचं.

त्यात एक गोम आहे. गोल मोजायचं तर उजवीकडून की डावीकडून? माझ्या वस्तादांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, “शिंदे, तोंड नेहमी एक्स्चेंजकडे. बसलास की हलायचं नाही. मग दोन्ही बाजूंना उजव्या हाताने मोज, चूक होणार नाही.” आमचं एक्स्चेंज अफझलगंजच्या दिशेला. म्हणून सुलतान बाजारात मी कुठल्याही खड्ड्यात बसलो तरी समोर अफझलगंज आणि पाठीशी बडी चावडी. वर्षानुवर्षं. दुकानदार गंमत करायचे की जॉइंटर साब नमाजाला बसलेत.

खड्ड्यातून रस्त्याचा इतिहास दिसतो तो असा. वर डांबर, डांबराचे तीन-चार थर, म्हणजे तितक्या निवडणुका. त्याखाली सिमेंटचा जुना रस्ता, इतका पक्का की छिन्नी उडायची. त्याखाली मुरूम, विटांचे तुकडे, मातीचे नळ. घोड्याचा नाल मला तीनदा सापडला, एकाच ठिकाणी. तिथे पूर्वी टांगे उभे राहत असणार. सोडावॉटरच्या बाटलीतल्या गोट्या तर ओंजळीने मिळाल्या. आणि या सगळ्याच्या तळाशी आमची केबल. तिच्यातली एक जोडी आधी एका हकिमाच्या दवाखान्यात जात असे. हकीम गेले, रेडिओ दुरुस्तीचं दुकान आलं, मग तयार कपड्यांचं, मग पिवळ्या पाटीचा एसटीडी बूथ. तार तीच. वरची माणसं बदलत गेली आणि मी खाली त्याच जोडीला पाचव्यांदा पीळ देत बसलेला.

फोन मिळणं तेव्हा काय होतं ते आज सांगून पटायचं नाही. अर्ज करायचा आणि विसरून जायचं. तोवर शेजाऱ्याचा नंबर द्यायचा, त्यापुढे पी. पी. लिहायचं. बडी चावडीतल्या एका निवृत्त तहसीलदारांना अर्जानंतर नवव्या वर्षी फोन मिळाला. त्यांनी फोनला हळदकुंकू लावलं, सागवानी पेटी करून घेतली आणि पेटीला कुलूप लावलं, किल्ली बंडीच्या आतल्या खिशात. आठवड्यात तक्रार आली, फोन चालत नाही. मी गेलो तर फोन ठणठणीत. साहेब दुपारी झोपले की पेटी आत वाजत राहायची आणि किल्ली काढायची कोणाची हिंमत नव्हती. मी त्यांना म्हटलं, कुलूप काढा. ते म्हणाले, “अहो, मग कोणीही उचलील की!”

मग नव्वदीनंतर वारं फिरलं. दिल्लीत काय ठरलं ते मला नीट कळलं नाही, पण माझ्या खड्ड्यांची संख्या वाढली यावरून देश मोकळा झाला हे मी ओळखलं. ज्याला त्याला फोन हवा होता आणि मिळतही होता. कोपऱ्याकोपऱ्यावर बूथ. नवीन केबल टाकायला एक रस्ता खणायचा, पाण्याच्या नळासाठी दुसरा, आणि प्रत्येक खणणारा आधीच्याची तार तोडणार हे ठरलेलं. माझी त्या काळात चंगळ होती. “शिंदेगारू, तुमचा हात लागला की तपासायला नको,” असं टेस्ट डेस्कवरचे तेलुगूभाषक नरसिंगराव म्हणायचे. त्यांचं काम एक्स्चेंजमध्ये बसून माझ्याशी बोलत एकेक जोडी तपासायचं. त्यांनी ते कौतुकाने म्हटलं, आणि मी ते खरं मानलं. माझी गडबड तिथूनच झाली.

आता ज्यांच्यासाठी हे लिहितोय ती दोन माणसं. रस्त्याच्या एका बाजूला पहिल्या मजल्यावर डॉ. मालतीबाई हुमनाबादकरांचं प्रसूतिगृह. आठ खाटा, एक नर्स, आणि बाईंचा आवाज असा की खाली भाजीवालीनेही पदर सावरावा. बरोबर समोर, तळमजल्यावर, करीमभाईंचं बँडचं दुकान. लाल कोट, सोनेरी झालरी, भिंतीला टांगलेली पितळी वाजंत्री. लग्नसराईच्या आधी त्यांची तालीम चालायची आणि समोर बाळंतिणी. बाईंनी पोलिसांत अर्ज केला. करीमभाईंनी तालीम बंद केली नाही, बाईंना सलाम करणं बंद केलं. सहा वर्षं दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. माझं मात्र दोघांशी बरं होतं. खड्डा कुठेही असो, करीमभाई दुपारी समोरच्या इराण्याकडे ओरडायचे, “दो में तीन!” म्हणजे दोन चहा तीन कपांत. एक त्यांचा, एक माझा, एक माझ्या मजुराचा.

त्यांच्या अबोल्याच्या सहाव्या वर्षी, दिवाळीच्या तीन दिवस आधी, नळवाल्यांच्या पहारीने बाजाराची मुख्य केबल तोडली. खरेदीचा मोसम आणि निम्मा सुलतान बाजार मुका. पोलिसांनी सांगितलं, संध्याकाळच्या गर्दीआधी खड्डा बुजलाच पाहिजे. मी सकाळी बसलो. गाभा झाला, आतले थर झाले. सगळ्यात बाहेरच्या थराची एक्स्चेंजकडची बाजू मोजून सुतळीने बांधून ठेवली आणि जेवायला उठलो.

परत आलो तेव्हा ऊन उतरतं होतं, थेट डोळ्यांवर. तारा दिसेनात. मी उन्हाकडे पाठ केली, बूड टेकलं, आणि दुसरी बाजू मोजायला घेतली. उजव्या हाताने. नेहमीसारखी.

वाचकांच्या लक्षात आलं असेल. माझ्या नाही आलं. तोंड फिरलं की उजवं डावं होतं. अफझलगंज पाठीशी आणि बडी चावडी समोर ठेवून मी बाहेरचा अख्खा थर उलटा जोडला. पहिल्या फोनची तार शेवटच्याला, दुसऱ्याची शेवटून दुसऱ्याला. बाकीचे थर मी नरसिंगरावांकडून तपासून घेतले होते. या थराच्या वेळी साडेचार वाजले होते, हवालदार काठी आपटत उभा होता. मी चार-दोन तारांना हेडफोन लावला, टोन ऐकू आला. टोन आहे म्हणजे फोन जिवंत. म्हटलं, आपला हात आहे, तपासायचं काय. शिशाचं आवरण बंद केलं, माती ढकलली, घरी जाऊन जेवलो आणि छान झोपलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला बाजारात आलो तर मजा चाललेली. फोन सगळे वाजत होते, फक्त दुसऱ्यांचे. साडीच्या दुकानदाराला लोक दाढ दुखते म्हणून सांगत होते आणि तो खेकसत होता, “अरे मियाँ, मैं साड़ियाँ बेचताऊँ, दाँताँ नईं निकालताऊँ!” दातांच्या डॉक्टरला कोणी कांजीवरमचा भाव विचारत होतं. लोक हसत होते, मीही क्षणभर हसलो. कुठेतरी दोन तारा फिरल्या असतील, तासाभराचं काम, असं मला वाटलं.

तेवढ्यात कोठीच्या दिशेने बँड सुरू झाला.

दिवाळीच्या गर्दीत सकाळी कसली वरात, म्हणून मी वळून पाहिलं. पुढे करीमभाई, लाल कोटाची बटणं अर्धी उघडी, क्लॅरिनेट तोंडाला. मागे सहा-सात वादक, ढोल, ताशा, जीव तोडून वाजवत, जवळजवळ धावत. आणि त्यांच्यामागे बँडची माटाडोर, मागच्या भागात मोठे ढोल, आणि पुढे ड्रायव्हरशेजारी डॉक्टर हुमनाबादकर, मांडीवर बॅग. रस्त्यावर मुंगीला जागा नव्हती. हॉर्नला कोणी हलत नाही, पण वरात आली की आपले लोक आपोआप बाजूला होतात, कोणाची आहे हे न विचारता. गर्दी दुभंगत गेली, गाडी चादरघाटाकडे निघून गेली. एका बाईने तर टाळ्या वाजवल्या.

काय झालं ते मला साडीवाल्याकडून तुकड्या-तुकड्यांनी कळलं. चादरघाटच्या एका घरात बाईंची पेशंट होती, दिवस भरत आलेली. सकाळी अचानक रक्त जायला लागलं. नवऱ्याने बूथवर धाव घेऊन बाईंचा नंबर फिरवला, आणि तो वाजला करीमभाईंच्या दुकानात. करीमभाई म्हणाले, “कब है शादी? कित्ते आदमी होना?” नवरा गडबडला. करीमभाईंनी राँग नंबर म्हणून ठेवून दिला. पुन्हा वाजला, पुन्हा ठेवला. तिकडे बाईंच्या टेबलावर सकाळपासून वरातींचे फोन येत होते आणि त्याही आपटून ठेवत होत्या. तिसऱ्या वेळी नवरा बोललाच नाही, नुसता रडायला लागला आणि मध्येच बाईंचं नाव घेतलं. करीमभाई म्हणे उभेच राहिले. पत्ता विचारला, आणि सहा वर्षांत ज्या जिन्याला पाय लावला नव्हता तो दोन-दोन पायऱ्यांनी चढले. बाईंना वाटलं भांडायला आला. ते म्हणाले, “बाई, झगडा बाद में करेंगे. चादरघाट में एक बच्ची बोहोत तकलीफ में है. चलो.”

मी साडीवाल्याच्या फोनवरून नरसिंगरावांना विचारलं. पाच मिनिटं तिकडून त्यांच्या स्विचचे आवाज येत राहिले. मग म्हणाले, “अय्यो, शिंदेगारू. बाहेरचा थर पूर्ण उलटा आहे.”

मला डोळ्यांवर आलेलं ऊन आठवलं. तिथेच दुकानाच्या पायरीवर बसलो. चादरघाटात कोणीतरी मरत असेल तर ती माझ्या उजव्या हाताने मरत होती. मी मजुराला हाक मारली, कालचा खड्डा पुन्हा उघडला आणि आत उतरलो. अफझलगंजकडे तोंड करून. त्या दिवशी मी प्रत्येक तार तीनदा तपासली. त्याला वेळ लागला. कोणी काही बोललं की मला वाटायचं, निरोप आला.

दुपारी माटाडोर परत आली, वाजंत्री बंद. मी खड्ड्यातून मान वर काढली. करीमभाई उतरले, त्यांनी मला पाहिलं आणि दोन्ही हात वर केले. “माँ भी अच्छी, बेटी भी. बाई ने बचा ली साब, बाई ने!” मी खाली वाकलो आणि तारा शोधायचं नाटक केलं. खड्ड्याचा हा एक फायदा, आत माणसाला रडता येतं.

बाजाराने या गोष्टीचं सोनं केलं. फोन देवानेच फिरवला, नाहीतर एवढ्या गर्दीतून बाई पोचल्या असत्या का, असं लोक म्हणू लागले. बाई आणि करीमभाई बोलायला लागले. तालमीची वेळ बाई सांगतील ती, आणि मूल झालं की बर्फी आधी समोरच्या दुकानात. मला सगळे म्हणायचे, “तुमची केबल काय शुभ आहे हो!” मी मान डोलवायचो. साहेबांना रिपोर्ट दिला तो असा, की कागद भिजल्याने ओळख पटवण्यात अडचण आली. खोटं नव्हतं. खरंही नव्हतं. मला शाबासकी मिळाली, कारण दुरुस्ती एका दिवसात झाली होती.

पुढे केबलची जागा काचेच्या तारांनी घेतली, मग लोकांच्या खिशात फोन आले आणि माझे खड्डे बुजले. मी निवृत्त झालो. तक्रार नाही. काचीगुड्याला घर झालं, मुलगी पुण्याहून आलेल्या एका कंप्युटरवाल्याला दिली, नातू माझ्याशी मराठी, तेलुगू आणि इंग्रजी एकाच वाक्यात बोलतो. आनंदात आहे. फक्त तो एक थर मनात उलटा राहिला होता.

काही वर्षांपूर्वी डॉक्टरबाईंचा निरोप आला. प्रसूतिगृह बंद करत होत्या, जुना फोन परत करायचा होता, आणि तो मीच काढावा असा हट्ट. ऐंशीच्या पुढच्या होत्या, आवाज मात्र तोच. मी वायर सोडवली, फोन पुसला, आणि का कोण जाणे, खिडकीपाशी उभा राहून सगळं सांगून टाकलं. ऊन, पाठ फिरवणं, न तपासणं, रिपोर्ट. खाली रस्त्यावर मेट्रोसाठी खणत होते.

बाई ऐकत होत्या. मग म्हणाल्या, “मला माहीत आहे, शिंदे.”

“कसं?”

“मी या खिडकीतून तुम्हाला वीस वर्षं बघत होते. तुम्ही कधी फिरून बसला नाहीत. त्या दिवशी बसलात. मला वाटलं, हे आज उलटे का बसले? हाक मारावी असं मनात आलं. मग म्हटलं, ऊन लागत असेल. त्यांच्या कामातलं मला काय कळतं!” त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. “दुसऱ्या दिवशी कळलं. मीही कोणाला बोलले नाही. पण हाक मारायला हवी होती हो.”

मग त्यांनी काठी उचलली. “करीमभाईंना सांगितलंत?”

“नाही.”

“मग चला.”

रस्ता ओलांडायला आम्हाला पाच मिनिटं लागली. बँडचं दुकान आता अर्ध्याच जागेत आहे, मुलगा चालवतो, करीमभाई खुर्चीत बसून असतात. त्यांच्यासमोर स्टुलावर बसून मी पुन्हा तेच सांगितलं. या वेळी जास्त अडखळलो. करीमभाई एकटक माझ्याकडे बघत होते. मला वाटलं, आता हा माणूस मला दुकानातून काढतो.

“तो वो फोन आपकी गलती से मेरे पास आया था,” ते म्हणाले.

“हो.”

“मैंने दो बार रखा था, साब. राँग नंबर बोल के. वो गरीब रोता रहा और मैं शादी की तारीख पूछता रहा.” त्यांनी खिशातून रुमाल काढला. “सब लोगाँ मेरेकू शाबास बोले. हार डाले. मैं किसीकू नहीं बोला कि मेरी वजह से इत्ती देर हुई. बच्ची को कुछ हो जाता तो? इत्ते बरस मैं समझा, गुनेगार मैंच अकेला हूँ.”

बाई भिंतीलगतच्या बाकावर टेकल्या आणि काठी बाजूला ठेवली. “तिघांचे वाटे आहेत, करीमभाई. माझाही धरा.” आणि त्यांनी खिडकीची गोष्ट त्यांना सांगितली.

करीमभाई आधी बाईंकडे, मग माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी रुमालाने चेहरा खसखसून पुसला, खुर्चीतून अर्धे उठले आणि समोरच्या हॉटेलाकडे तोंड करून त्या जुन्या आवाजात ओरडले.

“तीन चाय भेजो! दो में तीन नक्को. तीनों पूरे!”